झोक्यावरचं नाव

धुळ्याच्या एका हायस्कुलात मी तीस वर्षं संगीत शिकवलं. खरं सांगायचं तर संगीत कमी शिकवलं आणि भाषणं जास्त दिली. भाषणाचा माझा आवडता विषय एकच, कला आणि बाजार. माझ्या हाताखालून गेलेल्या किती मुलांचा सा नीट लागतो हे मला ठाऊक नाही, पण गाणं विकायचं नसतं हे त्यातल्या प्रत्येकाला तोंडपाठ असेल. स्नेहसंमेलनात पाहुणा यायला उशीर झाला की मुख्याध्यापक मलाच माईकसमोर उभं करत, कारण या विषयावर मी कितीही वेळ बोलू शकत असे. पाहुणे आले तरी थांबत नसे, अशी तक्रार होती.

माझा एक मित्र लग्नाच्या बॅण्डमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. एका हिवाळ्यात शेतावर भरताची पार्टी होती. तिथे त्यानं सहज सांगितलं, की जळगावच्या एका डाळमिलच्या जाहिरातीत त्यानं क्लॅरिनेट वाजवलं, दोन तासांचं काम, चहा-नाश्ता चांगला. झालं. मी भाकरी ताटात ठेवली आणि सुरू झालो. सूर म्हणजे काय, साधना म्हणजे काय, आणि ती तुरीच्या डाळीला लावल्यावर तिचं काय होतं. तो शांतपणे जेवत होता. माझं संपल्यावर त्यानं हिरव्या कांद्याची पात मोडली आणि म्हणाला, "मास्तर, मी पस्तीस वरीसपाईन नवरदेवना घोडापुढे वाजाडस. घोडाले कोठे राग कळस? डाळ तं बिचारी लाथ बी मारस नही."

सगळे हसले. मी हसलो नाही. पुढे तीन-चार महिने मी त्याच्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होतो, आणि त्याला ते कळलंच नाही, याचाही मला राग आला होता.

माझ्याजवळ स्वतःचं म्हणावं असं गाणं एकच आहे. कार्यक्रमात मी शेवटी तेच म्हणत असे, आणि लोक मला त्याच गाण्यानं ओळखत. पण ते माझं कसं झालं, ते सांगायला अक्कापासून सुरुवात करावी लागेल.

अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिचं सासर नरडाण्याजवळच्या एका खेड्यात. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला ती माहेरी आली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे लेकींचा सण. भर उन्हाळ्यात सासुरवाशिणी माहेरी येतात, सांजोऱ्या खातात, आणि झाडाला झोके बांधून दिवसभर गाणी म्हणतात. लेक दाराशी आली की तिच्या पायावर पाणी घालून तिला आत घ्यायचं. आईनं लोटा भरून माझ्या हातात दिला. अक्का आली या आनंदात मी असा धावलो, की तिच्या पायांपर्यंत पोचेस्तोवर लोट्यात दोन घोट उरले. बाकीचं सगळं माझ्या चड्डीवर. अक्का हसली, मग हसता हसता डोळे पुसू लागली. मला वाटलं, पाणी सांडलं म्हणून ती रडते, आणि मी पुन्हा भरून आणायला पळालो.

त्याच दुपारी झोक्यावर बसून तिनं एक कडवं जुळवलं.

झोका गया वर वं माय, झोका उना दारमा,
पानी लई उना कोन वं माहेरना घरमा?

माहेरच्या घरात पाणी घेऊन कोण आलं, हा प्रश्न खाली उभ्या बायका-पोरींनी एकसुरात विचारायचा, आणि झोका वर गेला की बसणारीनं आपल्या भावाचं नाव घ्यायचं. अक्कानं माझं घेतलं. तेही पाळण्यातलं नाही. माझं नाक त्या काळी बारा महिने वाहायचं, त्यावरून आळीनं मला एक नाव दिलं होतं, ते घेतलं. गावातल्या बाकीच्या पोरींनी गाणं उचललं, ज्या त्या पोरीनं आपापला भाऊ त्यात बसवला, आणि दोन-चार वर्षांत हे गाणं कोणी केलं हेही कोणाच्या लक्षात राहिलं नाही. अक्का मात्र दर आखाजीला झोक्यावर बसते, वर्षातून एकदाच ते म्हणते, आणि तेच नाव घेते. माझं लग्न झालं, मला मुलं झाली, मी मास्तर झालो, केस गेले. नाव तेच राहिलं.

मोठा झाल्यावर मी ते गाणं हार्मोनियमवर बसवलं. दोन कडवी वाढवली, चाल जरा धरून ठेवली, आणि नावाच्या जागी 'भाऊराया' घातलं. शे-दोनशे माणसांसमोर आपलं वाहतं नाक कोण काढणार? रेडिओवर लागलं तेव्हा निवेदिका म्हणाली, गीत आणि संगीत अमुक अमुक. त्या अमुक अमुकवर मी बरीच वर्षं खूश होतो. आपण त्यात आधीच एक नाव बदलून बसलोय, हे मला तेव्हा सुचलं नाही.

दीड वर्षापूर्वी पुण्याहून एका बाईंचा फोन आला. जाहिराती करणाऱ्या मंडळींपैकी होत्या. जळगावच्या एका पाईप बनवणाऱ्याला माझं गाणं हवं होतं. जळगावात पाईपवाले पुष्कळ, हे त्यातले लहान आणि नवे. कारखान्याचं नाव इथे देत नाही, माझ्याकडून त्यांची तेवढी सेवा पुरेशी झाली आहे. मी ताबडतोब नकार दिला. नकार देताना भाषणही दिलं. बाई हुशार होत्या. त्यांनी ते संपूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सर, हेच सगळं तुम्ही आमच्या शेठजींना समक्ष सांगाल का? त्यांना लोकसंगीतात फार रस आहे."

अशा बोलावण्याला नाही म्हणणारा मास्तर अजून जन्मायचा आहे. मी इस्त्रीचा झब्बा घातला आणि गाडी धरून जळगावला गेलो.

शेठजींचं घराणं मूळचं राजस्थानचं, पण तीन पिढ्या खानदेशात काढलेलं, त्यामुळे अहिराणी माझ्यापेक्षा झकास. त्यांनी स्वतः उठून खुर्ची दिली. म्हणाले, "मास्तर, आमना घरमा बी आखातीजले झोका ऱ्हास. मन्ही माय तुन्हंच गाणं म्हने." मी विरघळलो. पुण्याच्या बाई वही उघडून बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "सर, इथे दर वेळी 'भाऊराया'च येतं का?"

इथे माझ्यातला मास्तर जागा झाला. मी त्यांना समजावलं, की लोकगीत ही जिवंत गोष्ट असते. छापील कवितेसारखं ते थिजलेलं नसतं. त्यात एक जागा मुद्दाम मोकळी ठेवलेली असते, आणि त्या जागी कोणाचंही नाव बसतं. हेच तर त्याचं सौंदर्य. "कोणाचंही?" बाईंनी विचारलं. "कोणाचंही," मी म्हणालो, आणि वर टेबलावर बोट आपटलं. बाईंनी वहीत काहीतरी लिहून खाली दोन रेघा मारल्या. माझं बोलणं कोणीतरी लिहून घेतंय, हे बघून मला फार बरं वाटलं.

मग मी हो म्हणालो. पण असा तसा नाही, अटी घालून. लय वाढवायची नाही. हार्मोनियमच्या जागी गिटार आणायची नाही. मागे कोणी नाचायचं नाही. गाणारी मुलगी खानदेशातली हवी, 'शे'चा, म्हणजे आमच्या 'आहे'चा, उच्चार नीट करणारी. एकट्या लयीवरून मी तासभर भांडलो, टेबलावर ठेका धरून दाखवला. त्यांनी माझी प्रत्येक अट मान्य केली, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. कलेशी तडजोड न करता परत आलो या आनंदात मी त्या कागदावर सही केली, ज्यावर 'गरजेनुसार शब्दांत बदल करता येईल' असं एक वाक्य होतं. वाचलं नव्हतं असं नाही. पण शब्दांत काय बदलणार, असं वाटलं. सुरुवातीला पडद्यावर माझं नाव टाकायचा प्रयत्न करू, असंही बाई म्हणाल्या होत्या. माझं निम्मं लक्ष त्या प्रयत्नाकडे होतं.

होळीच्या सुमारास जाहिरात आली. सुनेनं मोबाइलवर दाखवली. चित्र देखणं होतं. कापसाचं हिरवंगार वावर, कडुलिंबाला झोका, झोक्यावर नऊवारीतली मुलगी. लय माझीच. हार्मोनियम माझ्याच पद्धतीनं वाजत होती. मी मान डोलावू लागलो. मुली विचारत होत्या, पानी लई उना कोन वं माहेरना घरमा? झोका वर गेला, आणि त्या मुलीनं गोड आवाजात पाईपचं नाव घेतलं.

पडद्यावर माझं नाव कुठेच नव्हतं. ते शोधायला मी जाहिरात पुन्हा लावली. दुसऱ्यांदा बघताना मात्र ते शोधायचं राहूनच गेलं, कारण त्या वेळी कुठे मला कळलं, की ती मुलगी ज्या जागी पाईप म्हणते आहे, त्या जागी मी उभा होतो. सात वर्षांचा, ओल्या चड्डीतला. आणि तिथून मला मीच हलवलं होतं, टेबलावर बोट आपटून.

लोकांना काय, त्यांना कौतुक. आमच्या देवपूर भागातला भाजीवाला मला बघून गाणं गुणगुणायचा. एका रिक्षावाल्यानं तर "पाईपवाले मास्तर ना?" म्हणून सीट पुसून दिली. क्लॅरिनेटवाला मित्र घरी आला, जाहिरातीच्या चेकमधून घेतलेल्या नव्या कूलरसमोर पाय पसरून बसला आणि म्हणाला, "गार हवा शे. साधनानी शे का?" मी त्याला चहा दिला. दुसरं काय करणार?

अक्काचा फोन आठ दिवसांनी आला. नातीनं तिला जाहिरात दाखवली होती. म्हणाली, "आयकं मी. पोरगीना गळा गोड शे. ताल बी बरा धरेल शे." आणि मग, "आखाजीले येसू मी." बस्स, एवढंच. रागावली असती तर माझ्याकडे उत्तरं तयार होती. लयीचं तर मी लेखी दाखवलं असतं.

त्या फोननंतर मला आखाजीची धास्ती बसली. बाहेरच्यांनी काय म्हणावं याची नाही. भीती एकाच गोष्टीची होती. अक्का झोक्यावर बसेल, पोरी विचारतील, आणि ती माझं नाव घेणार नाही. आई-वडील गेल्यापासून मला त्या नावानं हाक मारणारं दुसरं कोणी उरलेलं नाही, आणि अक्कासुद्धा ते वर्षातून एकदाच घेते. एवढा वयस्क माणूस त्या नाकाच्या नावासाठी असा कासावीस होईल, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

आखाजीच्या दिवशी सकाळीच अक्का नातीला घेऊन रिक्षातून उतरली. मी रीतीप्रमाणे लोटा घेऊन दारात उभा. तिनं लोट्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आज लोटा काब्र? पाईप लाव ना." सून तोंडाला पदर लावून आत पळाली. मी पाणी घातलं. अक्कानं पाय झटकले, आत आली, कूलर निरखून बघितला, आणि त्याच्याकडे पाठ करून बसली. जेवताना तिनं सांजोऱ्यांची स्तुती केली, रसाची केली, सुनेच्या नव्या कुकरचीही केली. गाण्याचं अक्षर नाही.

आमच्या कॉलनीमागच्या मोकळ्या जागेत कडुलिंब आहे. झोका बांधायचा आणि पहिला हेलकावा द्यायचा, हे काम भावाचं. मी दोर बांधला, दोनदा ओढून बघितला. उन्हं कलल्यावर पंधरा-वीस बायका-पोरी जमल्या. क्लॅरिनेटवाला मित्रही आला होता, मदतीला म्हणून, पण तो कट्ट्यावर बसून टरबूज खात होता. आधी पोरी बसल्या. त्यांनी माझंच गाणं धरलं. पहिली वर गेली, तिनं पाईपचं नाव घेतलं. दुसरीनंही तेच. तिसरीला सख्खे दोन भाऊ, दोघं समोर सायकलवर बसलेले, तिनंही पाईपच म्हटलं. त्या पोरींचा काही दोष नव्हता, त्यांना गाणं तसंच माहीत होतं. जुन्या बायका माझ्याकडे बघून हसत होत्या, मी दोराकडे बघत होतो.

मग अक्का बसली. सत्तरी ओलांडलेली बाई, पण लुगड्याचा काष्टा नीट करून अशी बसली, की फळी हललीसुद्धा नाही. मी हेलकावा दिला. तिनं पहिली ओळ म्हटली. आवाज आता बारीक झालाय, पण सूर जिथल्या तिथे. पोरींनी विचारलं, पानी लई उना कोन वं माहेरना घरमा?

अक्का वर गेली, आणि गप्प राहिली. झोका खाली आला. पोरींना वाटलं, आजीला ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. अक्का पुन्हा वर गेली, पुन्हा गप्प. "आजी, नाव ले ना," नात म्हणाली. अक्कानं पाय टेकवून झोका थांबवला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "सांग मास्तर, कोन्हं नाव लेऊ? तुन्हं का पाईपनं? पहिले इचारनं पडत नव्हतं. आते तुले इचारनं पडी."

तिच्या आवाजात टोमणा होता, पण डोळ्यांत नव्हता. मी काहीतरी पुटपुटलो. लोकगीत, मोकळी जागा, असंच काहीतरी. ती म्हणाली, "बठ्ठासले बठ्ठं सांगं तू. ईकाले गया तं मले इचारं का?"

सगळ्यांना सगळं सांगितलं, पण विकायला जाताना तिला नव्हतं विचारलं. लयीसाठी भांडलो, हार्मोनियमसाठी भांडलो, एका उच्चारासाठी अटी घातल्या. जिच्या तोंडून गाणं निघालं, तिला विचारायचं असतं हे मनातसुद्धा आलं नाही. इतकी वर्षं मी कलेची राखण करत होतो, आणि अक्का त्या कलेत कुठे बसते याचा मी कधी विचारच केला नव्हता. मला फार लाज वाटली, आणि ती वीस बायकांसमोर वाटली.

मी दोर सोडला आणि घराकडे चालू लागलो. मागून मित्र म्हणाला, "मास्तर रुसना वाटस." मी घरात गेलो, माठातून लोटा भरला, आणि परत निघालो. मधे कॉलनीचा उखडलेला रस्ता आहे, आणि माझा डावा गुडघा कुरकुरतो. घाईत चाललो. झाडाखाली पोचलो तेव्हा झब्बा पोटापासून खाली ओला झाला होता.

मला तसं उभं बघून कोणी न सांगता पोरींनीच ओळ उचलली. पानी लई उना कोन वं माहेरना घरमा?

अक्कानं मान पुढे करून लोट्यात बघितलं. "आते बी अर्धाच," ती म्हणाली, आणि पाय पुढे केले. मी उरलेलं पाणी त्यांवर घातलं. मग तिनं स्वतःच जमिनीला रेटा दिला, झोका वर गेला, आणि तिनं नाव घेतलं. तेच, नाकाचं. पोरींना आधी कळलंच नाही, मग कळलं, आणि त्या हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. मित्राच्या हातातली टरबुजाची फोड खाली पडली.

तेव्हापासून कॉलनीतली पोरं मला त्या नावानं चिडवतात. मित्र तर भर बाजारात मारतो हाक. जाहिरात अजून लागते, आणि पाईप चांगला आहे म्हणतात. गेल्या महिन्यात शेठजींचा फोन आला, आता पाण्याच्या टाक्या काढल्यात, तेच गाणं पुन्हा करायचं आहे. आखाजीचा किस्सा जळगावपर्यंत पोचला होता, आणि पुण्याच्या बाईंनी त्यांना सुचवलं होतं, की या खेपेला अस्सल खेड्यातलं, जुनं नाव घालावं, त्याला वेगळीच मजा येईल. ते जुनं नाव काय होतं, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, शेठजी, ते माझ्याकडे नसतं. ते अक्काकडे असतं.